वर जाण्याआधी, आई-आबांना

तीर्थरूप आई आणि आबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई बोलता बोलता गप्प झाली. आबा, तुम्ही ‘रेंज गेली असेल’ म्हणालात, पण मला हुंदका ऐकू आला होता. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

हो, यावेळी मला मागे राहता आलं असतं. साहेबांनी विचारलं होतं. मीच सियाचेन ग्लेशियरवर जातो म्हणालो आणि नाव गेलंसुद्धा. यंदाची दिवाळी चुकणार. तुम्हाला न विचारता ठरवलं याची टोचणी मला आहेच. पण आमच्या पलटणीतली कितीतरी पोरं पहिल्यांदाच वर निघालीत, वीस-बावीस वर्षांची. वर गेल्यावर अंगाचं काय होतं ते मी एकदा भोगलंय. ते ठाऊक असताना खाली बसून राहणं मला जमलं नसतं.

आई, तीन वर्षांपूर्वी सातारा स्टँडवर तू माझ्यासमोरून तशीच पुढे गेलीस. 72 किलोचा गेलेला मी 63 चा होऊन आलो होतो. तू काही विचारलं नाहीस, घरी येऊन नुसत्या भाकरी थापत राहिलीस. आज खरं सांगतो. खायला कमी नव्हतं. काजू, बदाम, चॉकलेट, डबाबंद भाज्या, सगळं होतं. पण तेवढ्या उंचीवर भूकच मरते, जिभेला चव लागत नाही. आणि रात्री उणे तीसमध्ये लघवीला बाहेर पडावं लागू नये म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच घेत नव्हतो. तिथे तहानही कळत नाही. कोरड्या हवेत नुसत्या श्वासावाटे अंगातलं पाणी जात राहतं. मग डोकं ठणकायचं आणि घास आणखीच नको व्हायचा.

यावेळी तसं होणार नाही. लेहला पहिले सहा दिवस हवेची सवय करण्यात गेले, पुढे टप्प्याटप्प्यानेच चढायचंय. डॉक्टरांनी तपासलं, वजन 71 भरलं. वर राहायला फायबरची खोली आहे, झोपायला जाड स्लीपिंग बॅग आहे. अठरा हजार फुटांवर पाणी 82 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ नुसती शिजवली तर कच्चीच राहते, म्हणून कुकर असतोच. वरण-भात गरम मिळतो, आई. पाणी मात्र बर्फ वितळवूनच करायचं. पातेलंभर बर्फाचं तळाशी थोडंसं पाणी होतं, त्यासाठी स्टोव्ह तासन् तास चालतो. त्यात मीठ-क्षार काहीच नसतात, म्हणून ओआरएस घालायचं. दिवसाला चार-पाच लिटर पोटात गेलंच पाहिजे. बाटली रात्री अंगाशी घेऊन झोपतो, नाहीतर सकाळी दगड.

मला टायफॉइड झाला होता तेव्हा तू रात्रभर उशाशी बसून चमच्या-चमच्याने पेज पाजत होतीस. मी तोंड फिरवायचो. तू म्हणायचीस, ‘एवढासाच घास, पण थांबायचं नाही.’ आबा दारात कंदील घेऊन उभे. वर मी पोरांना हेच करणार आहे. दर दोन तासांनी थोडं सूप, मूठभर शेंगदाणे, अर्धा चॉकलेट, भूक असो नसो. लघवी गडद पिवळी झाली की माझ्याकडे यायचं, लाजायचं नाही, असं त्यांना आत्ताच बजावून ठेवलंय.

आता तुमच्याकडे वळतो. आबा, गेल्या वर्षी मुतखड्यासाठी ऑपरेशन करावं लागलं, तरी शेतात जाताना पाण्याची कळशी घरीच राहते, हे मला ताईनं सांगितलं. बांधावर दोन लिटरची बाटली गेली पाहिजे आणि परत येताना ती रिकामी असली पाहिजे. तहान लागायची वाट बघायची नाही. चहा पाण्यात धरायचा नाही. आई, तू माझ्यासाठी शनिवार धरतेस. तुझी श्रद्धा मला मोडायची नाही, रागावू नकोस, पण बीपीची गोळी चालू आहे, नुसतं उपाशी राहू नकोस. उपासाला राजगिऱ्याचा लाडू, केळं, ताक घेत जा. डॉक्टरांची तारीख वीसची आहे, ताईबरोबर जायचंच. मी फोन करून विचारणार आहे.

वरून फोन रोज होणार नाही. आठ-दहा दिवस आला नाही तर हवामान खराब आहे एवढंच समजा.

आणि आई, कारळ्याची चटणी पाठव, जरा जास्त. मागच्या वेळी तीच एक चव जिभेला कळली होती, तिच्या आधारावर चार घास जायचे. यावेळी पोरांनाही देईन. काचेच्या बरणीत नको, फुटते. पत्ता नेहमीचाच, मार्फत 56 एपीओ. या आठवड्यात टाकलीस तर वर जाणाऱ्या सामानात येईल.

तुमचा,
बाळू