ब्रीसच्या पायांकडे बघा

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, ड्रू ब्रीससारखा सहा फूट उंचीचा खेळाडू बुटका कसा, हे तुमचं कोडं फोनवर काही सुटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पुढे त्याच्याच संघाचे पाच दांडगे उभे असतात, सव्वासहा-साडेसहा फुटांचे. त्यांना रेटत येणारेही तसलेच. ब्रीस क्वार्टरबॅक, पण त्याला त्यांच्या डोक्यांवरून मैदान दिसायचंच नाही. तो दोघांमधल्या फटीतून बघायचा आणि फट बुजली की अर्धं पाऊल सरकून दुसरी शोधायचा.

टेक्सासमध्ये शाळेत असतानाच डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता, त्यात उंची अशी. मोठ्या कॉलेजांनी पाठ फिरवली आणि तो इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात गेला. मला वाटतं, तिथेच त्याचं भलं झालं. तिथले प्रशिक्षक जो टिलर रिसीव्हरना, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यांना, मैदानाच्या पूर्ण रुंदीत पसरवायचे. त्यांच्यामागे प्रतिस्पर्धीही पांगायचे आणि मधल्या फटी रुंद व्हायच्या. बुटक्या क्वार्टरबॅकला आणखी काय हवं! 1998 मध्ये विस्कॉन्सिनविरुद्ध त्याने 83 चेंडू फेकले, 55 झेलले गेले. सामना मात्र हरले. जानेवारी 2001 मध्ये त्याने पर्ड्यूला 34 वर्षांनी रोझ बोल या कॉलेजांच्या मानाच्या सामन्यात नेलं. तरी व्यावसायिक संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडले त्यात तो 32 वा. सॅन डिएगोच्या संघाने घेतला.

आता पायांचं. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅक मोजून तीन, पाच किंवा सात पावलं मागे जातो. ही पावलं रिसीव्हरच्या धावेशी जुळवलेली असतात. शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू सुटायलाच हवा, मग रिसीव्हर अजून वळला नसला तरी चालेल. चेंडू तिथे पोचेपर्यंत तो वळतो. उजव्या हाताने फेकताना उजव्या पायाने रेटा द्यायचा, डावा पाय लक्ष्याच्या किंचित डावीकडे टाकायचा. आधी कंबर फिरते, मग खांदा, सगळ्यात शेवटी हात. डावा पाय आडवा पडला तर कंबर अडते आणि सगळा जोर खांद्यावर येतो. वजन मागच्याच पायावर राहिलं तर चेंडू उंच तरंगतो आणि मागे टपलेल्या बचावपटूच्या हातात जातो. बाबा, जलदगती गोलंदाजाचा पुढचा पाय चुकला की तुम्ही टीव्हीसमोर जे बोलता, तेच हे.

31 डिसेंबर 2005 ला डेन्व्हरविरुद्ध हातातून निसटलेला चेंडू पकडायला ब्रीस जमिनीवर झेपावला आणि भलामोठा खेळाडू त्याच्या अंगावर पडला. फेकायच्या हाताचा खांदा निखळला. आई, खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. तिच्या काठाला लॅब्रम नावाची कूर्चेची कड असते, तिच्यामुळे हाताचं हाड जागेवर राहतं. ब्रीसची ही कड गोल फिरून सगळीच्या सगळी फाटली होती. अलाबामात डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी ती शिवली. अशा शस्त्रक्रियेनंतर घाई केली तर टाका उसवतो, जास्त जपलं तर सांधा आखडतो. म्हणून आधी दुसऱ्याने हात हलवायचा, मग स्वतः हलवायचा, मग ताकद, आणि फेकणं अगदी शेवटी.

त्याला घेऊ पाहणाऱ्या मायामी संघाच्या डॉक्टरांना त्या खांद्याचा भरवसा वाटला नाही. कतरिना वादळाने उद्ध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाने मात्र तो घेतला. त्याच वर्षी, 2006 मध्ये, त्याच्या फेकींवर संघ 4,418 यार्ड पुढे सरकला, लीगमध्ये सर्वाधिक. 7 फेब्रुवारी 2010 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, 39 पैकी 32 चेंडू अचूक गेले आणि सेंट्स 31-17 ने जिंकले. 2019 मध्ये तर, वयाच्या चाळिशीत, एका सामन्यात 30 पैकी 29! 2021 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या फेकींचे एकूण 80,358 यार्ड झाले होते. म्हणजे सुमारे 73 किलोमीटर, आणि त्यातले बहुतेक शिवलेल्या खांद्याने.

त्या सुपर बोलचं चित्रण मिळालं तर लावा. चेंडू हवेत गेला की नजर आपोआप वर जाते, पण पहिले दोन-तीन सेकंद नजर ब्रीसच्या बुटांवरच ठेवा. फेकायच्या आधी टाचा किती हलक्या असतात, बघा.

तुमची,
छोटी