मावशी, ते पाकीट आलं

प्रिय मावशी,

काल संध्याकाळी पत्रपेटीत एक पाकीट होतं. त्यावर माझंच अक्षर, माझाच पत्ता. कोर्टानं त्यातून निकाल पाठवावा म्हणून तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी तो लिहिला होता आणि तिकीट तुम्ही चिकटवलं होतंत. आत कोर्टाचा फॉर्म एफएल-190, म्हणजे घटस्फोटाचा निकाल नोंदवल्याची सूचना. कोर्टाच्या कारकुनाचा शिक्का आणि लग्न संपल्याची तारीख. मी ते जिन्यातच उघडलं आणि तिथंच बसले.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. इथं कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत माझ्यासारखी अजून कुणीतरी आज रात्री एकटीच हे फॉर्म उघडून बसली असेल.

मी मंडळाच्या हळदीकुंकवाला यायचं बंद केलं, ते तुमच्या लक्षात आलं. घरी आलात. ‘काय झालं, कुणाचं चुकलं’ यातलं काही विचारलं नाहीत. ‘भांडण आहे की दोघांचं ठरलंय?’ एवढंच. ठरलंय म्हटल्यावर म्हणालात, ‘मग कागद नीट भरू आणि पोस्टानं पाठवू.’ वर्षानुवर्षं वकिलांच्या ऑफिसात कागद लावलेत तुम्ही, तरी ‘मी वकील नाही’ हे पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलंत. कायद्याचा प्रश्न आला की कोर्टातल्या फॅमिली लॉ फॅसिलिटेटरकडे, म्हणजे अशा खटल्यांत लोकांना मदत करणाऱ्या वकिलाकडे, घेऊन गेलात. ही मदत फुकट मिळते, हे मला आठ वर्षं इथं राहून माहीत नव्हतं.

मला घाई झाली होती. कॅलिफोर्नियात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने राहिलेलं असलं की अर्ज करता येतो, नवरा इथं असावा लागत नाही, एवढं वाचून मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. समन्स नाशिकला पोस्टानं पाठवायचं, त्यानं उत्तर द्यायचं नाही, मी एकतर्फी निकाल मागायचा. फी एकदाच, 435 डॉलर. तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवलंत. ‘लग्न कुठं झालं?’ नाशिकला, सप्तपदी घालून. ‘मग तिकडच्या वकिलाला एकदा विचार. इथं सुटशील आणि तिथं अडकशील.’

त्या एका फोनबद्दल तुमचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही. वकीलबाईंनी सांगितलं, पोस्टानं समन्स बजावायला भारताचा आक्षेप आहे. आणि 1991 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हिंदू विवाहाला परदेशी कोर्टानं दिलेला एकतर्फी घटस्फोट भारतात सहसा टिकत नाही. समोरच्यानं स्वतः संमती दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून एफएल-130, हजेरीचा आणि संमतीचा फॉर्म. त्यानं स्वतःहून हजेरी नोंदवली, संमतीवर सही केली, त्याच्या नावानं दुसरे 435 डॉलर भरले. पैसे निम्मे निम्मे केले. तो एका शब्दानं अडला नाही, हेही इथं लिहायला हवं.

बाकीचे कागद सोपे होते. मूल नाही, घर भाड्याचं. पगार आणि शिलकीचे तपशील एकमेकांना द्यायचे असतात, कोर्टात पाठवायचे नसतात, तिथं फक्त ते दिल्याचं सांगणारा फॉर्म, एफएल-141, जातो. हे तुम्ही सांगितलं नसतंत तर माझी बँकेची स्टेटमेंटं त्या गठ्ठ्यात गेली असती.

तरी गठ्ठा कोर्टातून एकदा परत आलाच. अर्जात माझं नाव पासपोर्टप्रमाणे होतं, मध्ये त्याचं नाव. आम्हा दोघांतल्या घटस्फोटाच्या करारावर मी ते मधलं नाव गाळून सही केली होती. हाताला लिहवलंच नाही. परत आलेलं पाकीट घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा मला रडू आवरत नव्हतं. मधल्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव का, हे इथं कुणाला समजावत बसणार? तुम्हाला समजवावं लागलं नाही. तुम्ही चहा टाकलात. मग म्हणालात, ‘शेवटचं एकदा पूर्ण लिही. आणि निकालाच्या फॉर्मवर, एफएल-180 वर, पूर्वीचं नाव परत मिळण्याची चौकट आहे. तिथं खूण कर.’ करार आम्ही दोघांनी नव्यानं सह्या करून पाठवला. नाशिकहून कुरिअर यायला लागलेले दिवस तुम्ही माझ्याबरोबर मोजलेत.

सहा महिने आणि एक दिवस थांबावंच लागतं, कागद कितीही चोख असले तरी. त्याची हजेरी नोंदवल्यापासून आमचे दिवस सुरू झाले. त्या काळात दर रविवारी तुम्ही जेवायला बोलावलंत आणि एकदाही या विषयावर बोलला नाहीत. मी बोलले तर ऐकलंत.

त्याच्यासाठीही एक पाकीट होतं. नाशिकचा पत्ता मी लिहिला. तिथपर्यंत पोचेल असं ग्लोबल फॉरेव्हर तिकीट तुम्ही तुमच्या डब्यातून काढून दिलंत. आज त्याला फोन केला, त्याचं अजून पोचायचं आहे.

पासपोर्टचा अर्ज रविवारी घेऊन येते. आधी एका कोऱ्या कागदावर सही करून बघितली. आठ वर्षांनी मध्ये बाबांचं नाव लिहिलं.

तुमचीच