खिडकीजवळच्या ओट्याबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही लिहू नये, अशी आपली इच्छा आहे आणि ती मी पाळते आहे. परंतु आमच्या घराच्या सजावटीसाठी आपण काय केलेत आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कोठून आणलीत, हे चारचौघांसमोर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे पत्र.

पुण्याच्या शनिवार पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्हाला सदनिका मिळाली. जागा हवेशीर होती, पाणी भरपूर होते, लिफ्ट होती. आणि तरीही लग्न होऊन आल्यापासून वाड्यातच राहिलेल्या माझ्या सासूबाई त्या घरात पाहुण्यासारख्या वावरत होत्या. त्यांना खुर्चीवर बसवत नाही. आयुष्यभर त्या जमिनीवर बसून भाजी निवडत आल्या, पोथी वाचत आल्या, आल्यागेल्याशी बोलत आल्या. नव्या घरातही त्या जमिनीवरच बसत, पण भिंतीकडे पाहत बसत.

आपल्याआधी ज्यांना आम्ही घराच्या सजावटीचे काम सांगितले होते, त्यांच्याविषयी लिहिताना माझ्या मनात अजूनही राग आहे. एका गृहस्थांनी टॅबलेटवर परदेशी घरांची चित्रे दाखवली आणि सासूबाईंचे पाट, तांब्याचा बंब, पितळी समया या सगळ्याला त्यांच्या देखत 'अडगळ' म्हटले. दुसऱ्यांनी 'पारंपरिक थीम' सुचवली. तिच्यात एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या लगद्याचे फळे, कापून केलेल्या महिरपी होत्या आणि भिंतीवर चिकटवायचे वारली चित्रांचे स्टिकर होते. ही कल्पना कोठून घेतली, असे मी विचारले तेव्हा 'आमचीच आहे' असे उत्तर मिळाले. तेच चित्र, तशाच रंगांत, मी एका फरशीच्या दुकानातील कॅटलॉगमध्ये पाहिले होते. दोघांनीही घराची प्रत्येक भिंत टेपने मोजली. त्या घरात राहणाऱ्या वृद्ध बाईकडे मात्र मान वर करूनसुद्धा पाहिले नाही.

आपण आलात आणि सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसलात. वही उघडली नाही, फोन काढला नाही. वाड्यात दुपारी कोठे बसायचात, उन्हाळ्यात कोठे निजायचात, पापड कोठे वाळत घालायचात, एवढेच त्यांना विचारत राहिलात. मग 'आई, जरा हलू नका हं' म्हणून आपण खिडकीशेजारच्या भिंतीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढलीत. ती रेघ खिडकीच्या चौकटीच्या बरीच खाली आली. 'यांना इथून आकाशाचा तुकडासुद्धा नीट दिसत नाही,' असे आपण हळू आवाजात म्हणालात. ताई, त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते. घरासाठी लोक अनेक प्रकारची मापे घेतात, पण कोणाच्या नजरेचे माप घेतलेले मी तेव्हा प्रथमच पाहिले.

त्या रेघेतून आपला ओटा निघाला. खिडकीलगत दीड फूट उंचीचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेला, जुन्या सागवानाच्या फळ्यांचा. आधी खुर्चीवर टेकावे तसे टेकायचे आणि मग पाय वर घेऊन मांडी घालायची. गुडघ्यांना त्रास नाही आणि बैठक मोडायची गरज नाही. यात माझे काही नाही, पुण्यातल्या वाड्यांच्या दारात असा ओटा असे आणि येणारे-जाणारे त्यावर टेकत असत, असे आपण सांगितलेत. लाकूडही पाडलेल्या वाड्यांतलेच घेतलेत. अनेक दशके वाळलेले सागवान आता वाकणार नाही, हे कारण सुताराबरोबर आम्हालाही समजावून दिलेत. त्या ओट्यावरून सासूबाईंना आता मुठेचे पात्र आणि ओंकारेश्वराचे शिखर दिसते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती आपली ही सवय, की घरात येणारी प्रत्येक वस्तू कोठून सुचली हे आपण न विचारता सांगत होतात. नुसते सांगून थांबला नाहीत, आम्हाला ती ठिकाणे दाखवायला घेऊन गेलात. विश्रामबागवाड्याच्या समोर आपण उभे केलेत ती दुपार मला आठवते. दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये पूर्ण केलेल्या त्या वाड्यावरून मी लहानपणापासून येत-जात होते, परंतु दर्शनी सज्जाचे लाकडी नक्षीकाम आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले खांब मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. आमच्या देवघराच्या दोन्ही बाजूंचे छोटे खांब तेथून आले. आपण त्यांची नक्कल केली नाहीत. फक्त तो निमुळता डौल घेतलात आणि नक्षी मुद्दाम सोडून दिलीत, कारण एवढ्याशा जागेत ती गुदमरली असती.

राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आपण आम्हाला नेलेत. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने दिनकर केळकरांनी उभा केलेला आणि 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेला हा संग्रह 20,000 हून अधिक वस्तूंचा आहे, पण त्यात राजेरजवाड्यांच्या थाटापेक्षा घरातले जिणे अधिक आहे: अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, दौती, दिवे, दारे. सासूबाई एका वज्रीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि 'अशी आमच्या माहेरी होती' म्हणाल्या. ज्या वस्तूंना आमच्या घरात येऊन एका माणसाने अडगळ म्हटले होते, तसल्याच वस्तू काचेआड जपून ठेवलेल्या पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो दिलासा उमटला, त्याबद्दल मी आपली आणि त्या संग्राहकाचीही ऋणी आहे. पुढे आपण त्यांच्या समया आणि पाटांसाठी भिंतीत देवळ्या, म्हणजे छोटे कोनाडे, काढल्यात. वस्तू मिरवायच्या नाहीत, हाताशी ठेवायच्या, असे म्हणालात. त्या समया आजही रोज लागतात.

स्वयंपाकघरातल्या फरशीबाबत तर मी आपल्याशी वाद घातला होता. मला गुळगुळीत, चकचकीत टाइल हवी होती. आपण नक्षीच्या सिमेंट टाइल दाखवल्यात आणि त्या कशा होतात ते सांगितलेत: धातूच्या साच्यातल्या कप्प्यांत वेगवेगळे रंग ओतायचे, वर सिमेंट भरून दाबयंत्राखाली दाबायचे आणि भट्टीत न भाजता पाण्याने मुरवायचे. विलायती फरशीला स्वदेशी उत्तर द्यायचे म्हणून मुंबईच्या सिधवा काका-पुतण्यांनी 1922 मध्ये भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी सुरू केली, ही हकिकतही मी आपल्याकडूनच ऐकली. सासऱ्यांच्या घरात चरखा होता. त्या घरातल्या फरशीला असा पूर्वज मिळाला, याचे मला फार अप्रूप वाटते.

हॉलमधले तांब्याचे घंगाळ आणि दिव्यांच्या वाटीसारख्या छत्र्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आल्या. मठारकाम, म्हणजे हातोडीने पत्रा ठोकण्याचे काम, होताना आपण आम्हाला तेथे उभे केलेत. कानठळ्या बसतील असा तो आवाज, आणि प्रत्येक ठोक्यासरशी पत्रा घट्ट होत जातो व त्यावर एक चकाकता पैलू उमटतो, हे दृश्य. कारागिराने सांगितलेल्या किमतीत आपण एका रुपयाचीही घासाघीस केली नाहीत. उलट, 'यांचे नाव लिहून ठेवा, कोणी विचारले तर माझे सांगू नका, यांचे सांगा,' असे मला बजावलेत.

वारली चित्राच्या वेळी आपला हाच स्वभाव मला पुन्हा दिसला. स्टिकर तर आपण नाकारलेतच. शहरातल्या एखाद्या चित्रकाराकडून भिंतीवर तसे काढून घेऊ, ही माझी सूचनाही आपण शांतपणे बाजूला ठेवलीत. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक, म्हणजे देवीचा नक्षीदार चौकोन, काढायचा, त्यात वारल्यांच्या पालघट देवीला बसवायचे, आणि ते काम सवाशिणींनी करायचे, ही त्या चित्रांची मूळ रीत आपण सांगितलीत. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली आणि त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, हेही सांगितलेत. मग डहाणूकडच्या एका वारली कलावंताकडून आपण कापडावरचे एक लहान चित्र आणलेत. देवचौक मात्र मागितला नाहीत. लग्नघरातली देवी दिवाणखान्याच्या शोभेसाठी मागू नये, असे आपले म्हणणे. इतका विवेक मी आपल्या व्यवसायातल्या आणखी कोणात पाहिलेला नाही.

दूरच्या माणसांचेही आपण ऋण सांगितलेत. लॉरी बेकर यांचे नाव आपण आदराने घेत होतात: इंग्लंडमधून आलेला हा वास्तुविशारद केरळात साध्या विटांच्या जाळ्या रचून घरात वारा आणि सावली खेळवत राहिला, आणि घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून उभे राहावे हा गांधीजींनी सांगितलेला विचार त्याने आयुष्यभर धरून ठेवला. आमच्या बाल्कनीतली विटांची जाळी त्यांचीच देणगी. जुन्या इमारतींतले खांब आणि दारे नव्या घरात सन्मानाने बसवता येतात, हे कोलंबोचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांच्या घरावरून शिकल्याचे आपण सांगितलेत. त्यांनी चार लहान घरे एकेक करून घेतली आणि त्यांचे एकच घर केले. पण या थोर नावांच्या ओळीत आपण ज्या सहजतेने आमच्या सासूबाईंना बसवलेत, त्याने मी थक्क झाले. एका पाहुण्याने दिवाणखान्याची रचना कोणाची म्हणून विचारले, तेव्हा आपण त्यांच्याकडे हात करून म्हणालात, 'आईंची. मी फक्त ऐकून घेतले.'

दुसऱ्याकडून घेतलेले दुसऱ्याच्या नावावर ठेवणारी माणसे आहेत, म्हणून तांबट आळीतला हातोडा, डहाणूचा कुंचला आणि सुताराचा रंधा यांना अजून मान आहे. अशी माणसे गाजावाजा करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलण्याचे काम आमचे आहे, आणि ते करताना मला संकोच वाटत नाही.

रंगकाम झाले तेव्हा पेन्सिलीची रेघ रंगाखाली गेली. रंगाऱ्याला ती ठेवा म्हणण्याचे मला सुचले नाही, आपल्याला सुचले होते. पण सासूबाईंनीच 'आता कशाला, दिसतंय की सगळं' म्हणून ती पुसायला लावली. दुपारी त्या ओट्यावर असतात, शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसतात. फरशी कोठची, दिवे कोठचे, असे कोणी विचारले तर त्या स्वतः कारागिरांची नावे सांगतात. संक्रांतीला आपण यावे, असा त्यांचा निरोप आहे. गुळाच्या पोळ्या त्या करणार आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
शनिवार पेठेतील एक सून