तक्रार: दोन थरांच्या किमतीत एक थराचा सर्फबोर्ड

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डेक (बोर्डाचा वरचा पृष्ठभाग) सुटलेला 6 फूट 4 इंची ईपीएस-इपॉक्सी बोर्ड (आत थर्माकोलचा फोम, वर इपॉक्सी रेझिन) बदलून मिळणे अथवा पैसे परत मिळणे

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने ‘सर, आणखी काही मदत करू शकतो का?’ असं विचारून फोन ठेवला. आणखी? आधीची कुठली?

बोर्ड घेण्याआधी मी सरळ विचारलं होतं, पीयू (पॉलियुरेथेन फोमचा) घेऊ की ईपीएस? माझा पाय पीयूवर बसलेला. जड असतो, उन्हाने पिवळा पडतो, पण दुपारी वारा सुटून मांद्र्याचं पाणी खडबडीत झालं की पायाखाली उड्या मारत नाही. तुमच्या विक्री विभागाने ईमेलवर उत्तर दिलं: इपॉक्सी घ्या, हलका आहे, जास्त तरंगतो, छोट्या लाटेवर लवकर सुटतो, शिवाय टाचांचे खड्डे कमी पडतात. यात खोटं काही नाही. फक्त त्यासाठी वर पुरेसं ग्लास, म्हणजे फायबरग्लासचं कापड, घालावं लागतं.

तुमच्या पानावर छापलंय, डेकला 4 औंसाच्या ग्लासचे दोन थर. माझ्या बोर्डावर मागच्या पायाखालचा तळहाताएवढा भाग फुगलाय, बोटाने दाबला की पापडासारखा कुरकुरतो. जिथे चीर गेलीय तिथे कडेला विणीचा एकच थर दिसतो. एकच. फोटो जोडलाय, पुन्हा. बोर्ड शेपटीवर उभा केला की त्या चिरेतून पाणी ठिबकतं. आतला फोम कसा आणि किती पाणी पितो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आजचं संभाषण. जसंच्या तसं देतो, कारण असलं काही मला रचता येणार नाही.

‘सर, बोर्ड पाण्यात वापरला होता का?’

म्हटलं, सर्फबोर्ड आहे तो.

‘हो सर, पण पाण्याशी संपर्क आला होता का?’

समुद्राशी आला होता.

‘म्हणजे खाऱ्या पाण्याशी. एक मिनिट हं सर.’

मग होल्ड. होल्डवर तुमचीच जाहिरात, लाटांचा आवाज आणि ‘प्रत्येक लाटेसाठी बनलेला’. परत येऊन म्हणाले, ‘सर, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही.’ मी आवाज चढवला नाही. मग मी काय करू, एवढंच विचारलं. तर म्हणे, हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिएस्टर रेझिन आणा, चिरेत भरा, होऊन जाईल.

साहेब, पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते ईपीएस खातं. तुमच्याच पॅकिंगमधल्या थर्माकोलवर थोडं टाकून पाहिलं, भोक पडलं. सल्ला ऐकला असता तर बोर्ड आतून विरघळला असता, आणि मग तेही वॉरंटीत आलं नसतं. इपॉक्सी पीयू आणि ईपीएस दोन्हींवर चालतं, पॉलिएस्टर ईपीएसवर चालत नाही. हरमलला शॅकमागे बोर्ड दुरुस्त करणारा पोरगा हे झोपेत सांगेल. त्याला नोकरी द्या.

उन्हात ठेवला होता का, हेही विचारून झालंय. नाही. कव्हरमध्ये, घरात. आणि ‘परफॉर्मन्स बोर्ड आहे सर, टिकण्याची अपेक्षा ठेवू नका’ हे तर मला प्रथमच कळलं. विकताना परफॉर्मन्स आणि टिकाऊपणा दोन्ही होतं, तक्रार आली की एकच उरलं. वजन कमी केलंत ते माझ्या डेकचा थर कापून, किंमत मात्र दोन थरांची घेतलीत.

वाईट याचं वाटतं की आपल्याकडे कोणीतरी नीट बोर्ड बनवतंय म्हणून मी बाहेरून मागवायचं सोडलं. कस्टम्सचा भुर्दंड परवडला असता. आमच्या पोरांनाही तुमचंच नाव सांगत होतो. आता दुसरं सांगतो.

15 दिवसांत नवा बोर्ड, आणि त्यावर खरोखर दोन थर, नाहीतर पूर्ण पैसे. ते नाही झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगात दावा. या कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, तेव्हा तुमच्या वकिलांना सिंधुदुर्गात यावं लागेल. पावसाळ्यात या, आंबोलीचा घाट बघून होईल.

उत्तर लेखी द्या. फोन नको.

सध्यापुरता तुमचा ग्राहक,
सावंतवाडी

ता. क. बोर्ड न्यायला माणूस पाठवलात तर गाडी देऊन पाठवा. मागच्या वेळी स्कूटर आली होती.