तात्या, तुम्ही आईला विचारलंत

ती. स्व. तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "ऱ्हाऊ दे गं पोरी" म्हणता आणि धरणाचं पाणी किती खाली गेलंय ते सांगायला लागता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि उघडं लिहितेय. तौक्ते चक्रीवादळाच्या तोंडावर तुमची लाँच घेऊन तुम्ही आईसाठी जे केलंत ते आमच्या घरापुरतं राहावं असं मला वाटत नाही. पुतण्या वाचून दाखवेल तेव्हा त्याला मधेच थांबवू नका.

ज्यांना आमचं घर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बामणोलीहून लाँच सुटली की शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडं डोंगराची एक सोंड पाण्यात उतरलेली दिसते. तिच्यावर आमचं घर आहे. तीन बाजूंनी पाणी आणि मागं अभयारण्याचं रान. साठच्या दशकात कोयनेचं पाणी चढलं तेव्हा खालचं गाव, खालची शेती सगळं बुडालं. बहुतेक घरं पुनर्वसनात दूर गेली. आजोबांनी मात्र वरच्या अंगाला नवं घर बांधलं. १०५ टीएमसीचं धरण भरलं की पाणी अंगणाखाली येऊन लागतं. मे महिन्यात तेच इतकं मागं सरतं की लाँचमधून उतरल्यावर भेगाळलेल्या गाळातून बराच चढ चढावा लागतो. गाडीरस्ता नाही. मोबाईलला रेंज हवी असेल तर घरामागच्या खडपावर जावं लागतं.

तिथं आई एकटी राहते. वय सत्तरीचं. दोन म्हशी, एक गाय, थोडी शेरडं आणि भात-नाचणीच्या तीन-चार ताली. भाऊ मुंबईत माथाडीत आहे. मी साताऱ्यात शाळेत शिकवते.

आता मागच्या वर्षीचं लिहायलाच हवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि आमच्या गोठ्याचे निम्मे पत्रे रानात जाऊन पडले. एक म्हैस कापली गेली, बरी व्हायला दिवाळी उजाडली. नुकसानीचा पंचनामा करायला कुणी पाणी ओलांडलं नाही. ज्या कार्यालयात मी फोन करत होते तिथून एकच उत्तर मिळायचं, पलीकडं यायला साधन नाही, फोटो पाठवा. आईच्या फोनला कॅमेरा नाही हे सांगितलं, तेव्हा समोरच्यानं फोन ठेवून दिला. नंतर ज्यानं पत्रे बसवले त्यानं पैसे पुरते घेतले आणि पत्रे धरून ठेवणारे जे-हूक एकाआड एक मारले. वायसर तर काही ठिकाणी घातलेच नव्हते. म्हातारी एकटी आहे, वर चढून कोण बघणार, एवढाच त्याचा हिशोब. त्या माणसाचा राग मला अजून येतो आणि तो यायलाच हवा असं वाटतं.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तौक्तेच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा आमच्या घरात कोरोना शिरलेला होता. मला उंबऱ्याबाहेर पडता येत नव्हतं. भावाला जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास मिळेना. प्रवासी लाँच बंद होत्या. मी दिसेल त्याला फोन करत सुटले. नातेवाईक, गावकीतली माणसं, ज्यांची कामं आम्ही वर्षानुवर्षं केली ती माणसं. सगळ्यांचा सल्ला एकच होता, म्हातारीला उचलून अलीकडं आणा. जनावरं? सोडून द्या. घर? जाऊ दे, काय आहे त्यात. कुणी उचलायला जाणार नव्हतं, पण उचलून आणा म्हणणारे पुष्कळ होते. आई येणार नाही म्हटल्यावर "मग आम्ही काय करणार" म्हणून मोकळे झाले.

तात्या, तुमचा नंबर मला धक्क्यावरच्या दुकानदारानं दिला. आपली ओळख तिकिटापुरती. सणाला माहेरी जाताना तुमच्या लाँचमध्ये बसणारी एक बाई, इतकीच. तुम्ही "बघतो" म्हणालात आणि फोन ठेवलात. त्या दिवसांत "बघतो" मी खूप ऐकलं होतं, म्हणून त्यावर फारसा भरवसा ठेवला नव्हता. शनिवारी, १५ तारखेला दुपारी आईचा खडपावरून फोन आला. ती दमली होती, पण आवाज निराळा होता. पत्रे, वैरण, म्हशी हे सगळं तिनं नंतर सांगितलं. पहिलं वाक्य हे होतं, "आगं, त्यांनी मला इचारलं."

तुम्ही तुमचा पुतण्या आणि दोराची वेटोळी घेऊन चढ चढून आलात. चपला खाली काढल्यात, ओट्यावर टेकलात, पाणी प्यालात आणि म्हणालात, "आक्का, तुमच्या घराला वारा कुठनं लागतो?"

आई सांगते, तिला आधी कळेचना की हे आपल्याला विचारताहेत. त्या आठवड्यात तिच्याशी बोलणारा प्रत्येक जण तिला काहीतरी सांगत होता. मीसुद्धा. तिला काय ठाऊक आहे हे विचारावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ती उठली, अंगणात गेली आणि हात करून दाखवलं. पावसाळ्याचा वारा पश्चिमेचा, डोंगराकडनं येतो. त्या बाजूला दरवर्षी झड्या बांधतात आणि ती बाजू पक्की आहे. पण मागल्या साली वादळात पहिला वारा उलट्या अंगानं, पाण्याकडनं आला. गोठा त्याच बाजूला उघडा. वारा आत शिरला आणि पत्रा खालून उचलला. मग दिवस कलताना वारा फिरला आणि डोंगराकडनं यायला लागला, तोवर जायचं ते गेलं होतं.

मी सातवीच्या वर्गाला शिकवते की आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ नैर्ऋत्येला समुद्रात असेल तर आपल्याकडं वारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून सुरू होतो आणि वादळ उत्तरेला सरकेल तसा दक्षिणेकडून पश्चिमेकडं वळतो. आईनं ते स्वतःच्या छपरावर शिकलेलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तिनं अंगावर घेतलाय. कोणती भिंत धरून ठेवते आणि कोणती सोडते, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला कळतं? तिच्याकडं एवढं सगळं होतं आणि ते मागायला तुम्ही आलात.

मग काम तिनं सांगितलं तसं झालं. गोठ्याची पाण्याकडची उघडी बाजू बंद करायला पुतण्या ताडपत्री बांधत होता. ती शिडासारखी फुगेल म्हणून आईनं नको म्हटलं आणि तुम्ही तिचं ऐकलंत. माळ्यावर कारवीचे जुने कुड होते. ते काढून दुहेरी बांधलेत, म्हणजे वारा अडेलही आणि थोडा गाळूनही जाईल. पत्र्यावर ठेवलेले सुटे दगड आधी खाली काढलेत, कारण वाऱ्यात तेच घरंगळून जनावरांवर पडतात. तेच दगड पोत्यांत भरून, दोर आढ्यावरून टाकून दोन्ही अंगांना लोंबते बांधलेत. ज्या हुकांत वायसर नव्हते तिथं लाँचमधल्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घातलेत. जांभळाची घराकडं आलेली फांदी उतरवलीत. जांभूळ कधी मोडेल सांगता येत नाही, हेही आईचंच. वैरण माळ्यावर गेली, भाताचं बियाणं माजघरात, मीठ आणि काडेपेट्या झाकणाच्या डब्यात.

जनावरांच्या दाव्यांचं मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरातली सगळी बरी झाल्यावर मी पलीकडं जाऊन आले. गोठ्यात गेले तर प्रत्येक दाव्याची निरगाठ सोडून तिथं सुरगाठ मारलेली, आणि गाठीचं टोक आईच्या हाताला येईल इतकं लांब ठेवलेलं. एक हिसका दिला की जनावर मोकळं. आईच्या बोटांना संधिवात आहे, घट्ट गाठ तिला सुटत नाही. हे तिनं तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही तिचे हात बघितले असणार. तिथं उभी राहून मी रडले.

रविवारी वारा आला. आधी पाण्याकडनंच आला. रात्रभर कुड वाजत होते, आई माजघरातल्या भिंतीला पाठ लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी वारा फिरला. सगळं वाचलं असं नाही. आंब्याच्या कैऱ्यांचा अंगणभर सडा पडला, फणस मुळासकट गेला, कोंबड्यांचा खुराडा सापडलाच नाही. कौलं पुष्कळ फुटली. पण गोठ्याचा एक पत्रा हलला नाही. म्हशी उभ्या होत्या, वैरण कोरडी होती. मंगळवारी वारा जरा बसल्याबरोबर तुम्ही स्वतः पलीकडं गेलात आणि पाण्याच्या मध्यावरून, रेंज येते तिथून, मला फोन केलात, "आक्का ओट्यावर दिसत्यात. च्या टाकलाय वाटतं, धूर निघतोय." आईशी बोलण्याआधी मला ती धडधाकट असल्याचं कळलं ते तुमच्यामुळं.

तुमचंही घर काठावर आहे. तुमचीही लाँच वळणात नेऊन बांधायची होती, आणि त्या हंगामात पर्यटक नसल्यानं तुमच्या हातात पैसा नव्हता हे मला दुकानदाराकडून कळलं. तरी तुम्ही डिझेल जाळलंत.

या पाण्याच्या दोन्ही काठांना अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखी घरं तगून आहेत. आईच्या गोळ्यांची पिशवी एसटीतून जपून आणून धक्क्यावर पोचती करणारे कंडक्टर आहेत. पैसे आले तर लिहून घेणारा, नाही आले तर न विचारणारा दुकानदार आहे. मागच्या वर्षी फोन ठेवून देणारा माणूसही रोज कुणाच्या तरी घरातला कर्ता असेल. त्याला एवढंच सांगावंसं वाटतं की पलीकडं यायला साधन होतं. ते धक्क्याला बांधलेलं होतं आणि ते चालवणारा माणूस यायला तयार होता. त्याला कुणी विचारलं नाही.

आई म्हणते, तात्या आता घरचे. तिनं तुमच्यासाठी नाचणी आणि आंबेमोहराचा तांदूळ बांधून ठेवलाय. तो घ्या, नाहीतर ती माझ्यावर रागावेल. आणि एक कामाचं. मृग लागायच्या आत तिची अगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, पलीकडं न्यायची आहे. तांदूळ, मीठ, तेल, पेंड आणि फुटलेल्या कौलांच्या जागी नवी कौलं. फेरी तुमच्याच लाँचची हवी. त्या फेरीचं आणि वादळातल्या फेऱ्यांचं मिळून डिझेलचे पैसे मी दुकानदाराकडं ठेवलेत. ते परत पाठवू नका. मी त्यालाही तसं सांगून ठेवलंय.

तुमची,
पाण्यापलीकडच्या आक्कांची लेक