आवाज पुढून येतोय म्हणजे शॉकअपच गेलेत असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गाड्यांच्या पानावर मध्यंतरी जुन्या गाडीची काळजी कशी घ्यावी असा एक लेख आला होता. लेख चांगला होता, ऑइल, कूलंट, बॅटरी, टायरमधली हवा सगळं व्यवस्थित सांगितलं होतं, पण सस्पेंशनच्या, म्हणजे चाक आणि बॉडी यांच्यामधल्या धक्के झेलणाऱ्या भागांच्या, वाट्याला एकच ओळ आली आणि ती पण काय तर खडखड वाजलं की शॉकअप (चाकाची उसळी रोखणारे तेलाचे दांडे) बदलून घ्या. ती ओळ वाचली आणि म्हटलं आता पत्र लिहायचंच, कारण मी हेच केलं होतं आणि चांगलाच फसलो होतो.

माझी सेडान 18 वर्षांची आहे, पुढच्या चाकांना ओढ असलेली साधी घरगुती गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण यात कंपनीचा काही दोष नाही. तर झालं असं की पुढे डाव्या बाजूने टक टक यायला लागलं, म्हणजे खराब रस्त्यावर हळू चालवताना, आणि वेग वाढला की गायब. गॅरेजमध्ये नेली, तिथल्या मेकॅनिकने बॉनेटच्या कोपऱ्यावर दोनदा जोर देऊन दाबलं, गाडी वरखाली झाली, तो म्हणाला शॉकअप गेले, जोडीने बदला. बदलले. गाडी घेऊन बाहेर पडलो आणि पहिल्याच खड्ड्यात टक टक. तेव्हा जो चेहरा झाला असेल माझा तो बघायला बायको शेजारी होती, तिने काही बोलायचं टाळलं हे तिचे उपकार.

नंतर दुसरीकडे दाखवलं तर तो निघाला लिंक रॉड. हाताच्या पंजापेक्षा थोडा लांब दांडा, दोन टोकांना दोन छोटे बॉल, स्टॅबिलायझर बारला (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) शॉकअपशी जोडणारा. त्यातला एक बॉल सैल झाला होता, बस एवढंच.

आता यात शिकण्यासारखी गंमत अशी की हे मला घरबसल्या कळलं असतं. स्टॅबिलायझर बार काय करतो तर एक चाक वर गेलं आणि दुसरं नाही गेलं तर तो पिळला जातो आणि गाडीला कलू देत नाही. पण दोन्ही चाकं एकदम वर गेली तर त्याला पिळायला कारणच नसतं, तो नुसता सोबत वर जातो. म्हणून एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की आवाज येतो आणि सरळ आडव्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की येत नाही, असं असेल तर आधी लिंक आणि बारचे बुश (सांध्यातली रबरं) बघा, शॉकअप नंतर. अजून एक, लिफ्टवर दोन्ही चाकं लटकत असताना लिंक हलवून बघितली तर बऱ्याचदा ती ठीकच वाटते, गाडी जमिनीवर उभी असताना एकाने गाडी हलवायची आणि दुसऱ्याने लिंक हातात धरून बसायचं, मग बोटांना बरोबर ठक जाणवतं.

आणि ते बॉनेट दाबून बघणं. त्यातून फार फार तर शॉकअप पूर्ण मेलाय एवढं कळतं. अर्धा गेलेला शॉकअप ती परीक्षा आरामात पास होतो, आणि उलट चांगला शॉकअप असताना सुद्धा गाडी वाजत असेल तर ती परीक्षा काहीच सांगत नाही. शॉकअपला बघायचं तर त्याच्याच अंगावर तेल ओघळलंय का बघा, हलकासा ओलसरपणा चालतो पण तेल वाहून त्यावर धूळ बसून चिखल झालाय म्हणजे सील गेलं. टायरवर हात फिरवा, ठिकठिकाणी वाटीसारखे खोलगट घास गेले असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय, तिथे शॉकअपवर संशय घ्यायला हरकत नाही.

पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत हे सगळं पुढेच का होतं हा प्रश्न मला पडायचा. तर इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर, वर गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच आणि ब्रेक मारला की वजन अजून पुढे येतं ते झेलायचं पण त्यांनीच. मागची चाकं बिचारी नुसती मागे मागे येतात. अशा बहुतेक जुन्या सेडानला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग मिळून झालेला एक खांब. अर्ल मॅकफर्सन नावाचा अमेरिकन इंजिनियर, आधी जनरल मोटर्समध्ये होता, मग फोर्डमध्ये आला, आणि 1950 साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलला हा स्ट्रट लागला. त्याची युक्ती अशी की शॉकअपच चाकाला उभं धरून ठेवतो, त्यामुळे चाकाला बॉडीशी जोडणारा वरचा लोखंडी हात, म्हणजे आर्म, लागतच नाही, खाली एक लोअर आर्म आणि एक बॉल जॉइंट (खोबणीत फिरणारा गोळा) बास. जागा वाचते, म्हणून आडवं इंजिन आणि ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकाला देणारे दांडे) मधे मावतात. पण त्यामुळेच एक भाग सैल झाला की आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो, कारण सगळं एकाच खांबाला बांधलेलं.

माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत पहिला जीव जातो तो रबराचा. लोखंड टिकतं, रबर वयाने जातं, गाडी किती चालली याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. उभी गाडी असली तरी उन्हाने, हवेने ते कडक होतं, चिरा पडतात. त्यामुळे "गाडी कमी चाललीय साहेब, एकदम टकाटक आहे" हे वाक्य सस्पेंशनच्या बाबतीत अर्ध्या किमतीचं आहे.

लोअर आर्मला दोन बुश असतात, त्यातला मागचा मोठा. तो फाटला की ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकतं आणि सोडलं की पुढे येतं, आतून धप्प असा एकच आवाज येतो, स्टिअरिंग ब्रेकला एका बाजूला आणि अ‍ॅक्सिलरेटरला दुसऱ्या बाजूला जरासं ओढतं. माझ्या गाडीचं हेच पुढचं दुखणं होतं. मी आर्म पूर्ण नवीन घातले, बॉल जॉइंटसकट, म्हटलं आता दहा वर्षं बघायला नको. आठ महिन्यात बुश फाटला!

आणि इथे मला जे भेटले ते एक म्हातारे फिटर, त्यांना सगळे काकाच म्हणतात म्हणून मी पण काकाच म्हणतो. त्यांनी गाडीखाली टॉर्च मारला, बुश बघितला आणि मला विचारलं, "आर्मचे बोल्ट टाइट केले तेव्हा चाकं कुठे होती?" मी म्हटलं कुठे म्हणजे, काका, लिफ्टवर. "लटकत होती ना? मग पिळातच मेला तो."

मग त्यांनी समजावलं ते असं. हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली लोखंडी नळी आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर चिकटवलेलं असतं, बोल्ट टाइट केला की आतली नळी जाम होते आणि आर्म वरखाली होताना रबर पिळलं जातं, पीळ सोडतं, तेच त्याचं काम. आता चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर रबराची आरामाची जागा ती झाली, लटकलेली. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीत सुद्धा चोवीस तास पिळलेलं राहतं, वर खड्डा आला की अजून पीळ. फाटणार नाही तर काय होईल. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा वरखाली हलवायची आणि मग पिटमध्ये, म्हणजे गॅरेजच्या जमिनीतल्या खड्ड्यात, उतरून शेवटचं टाइट करायचं. पिट नसेल तर आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्या आर्मवर येईपर्यंत उचलायचं, पण बॉडीखाली स्टँड असलेच पाहिजेत, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये. मागच्या अ‍ॅक्सलच्या बुशला पण हाच नियम.

दहा मिनिटांचं जास्तीचं काम आहे हे. तरी बहुतेक ठिकाणी होत नाही, कारण लिफ्टवर हाताशी बोल्ट आहे, बोल्ट आवळायची गन आहे, दाबलं की झालं. माझा राग पार्टवर नाही, या घाईवर आहे. तेच शॉकअपच्या बाबतीत. वरचा नट सोडताना दांडा फिरतो म्हणून काही जण पक्कडीने दांडा धरतात, त्या गुळगुळीत दांड्यावर ओरखडा पडतो आणि तो ओरखडा पुढे वरखाली होत होत सील कापतो. नवीन शॉकअप आणि तीन महिन्यात तेल. मग कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. दांड्याच्या टोकाला अ‍ॅलन कीसाठी जागा असते, तिथे धरून पान्याने नट लावायचा, एवढंच.

आवाज बंद करायला बुशवर डिझेल किंवा ऑइल मारणारे पण पाहिलेत मी. आवाज दोन दिवस बंद होतो खरा, रबर तेल पिऊन फुगतं आणि मऊ होऊन लवकर सुटतं.

बॉल जॉइंट मात्र हलक्यात घेऊ नका, तो सुटला तर चाक आडवं पडतं. चाक वर उचलून घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा, ढिलाई वाटली तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती व्हील बेअरिंगची, तरीही राहिली तर बॉल जॉइंटकडे बघा. 9 आणि 3 ला धरून हलत असेल तर स्टिअरिंगचे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड. पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना कट कट कट असं वेगाबरोबर वाढणारं काही ऐकू आलं तर ते सस्पेंशन नाहीच, ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट आहे, रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टंग असं स्प्रिंग उडाल्यासारखं वाजलं तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग जाम झालं की स्प्रिंग पिळत जाते आणि एकदम सुटते.

स्प्रिंगवरून आठवलं, घरी करणाऱ्यांसाठी, स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर लावून स्प्रिंग आवळल्याशिवाय स्ट्रटच्या वरच्या मधल्या नटला हात लावू नका. त्या स्प्रिंगमध्ये गाडीचा कोपरा उचलण्याइतकी ताकद कोंडलेली असते, डोकं फुटू शकतं. मी हे काम स्वतः करत नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही.

स्ट्रट, आर्म किंवा टाय रॉड काहीही उघडलं की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ करणं, करावीच लागते, नाहीतर नवीन टायर आतल्या कडेने खाल्ला जातो आणि ते बाहेरून उभं राहून दिसत पण नाही. पण सैल बुशवर अलाइनमेंट करून घेणं म्हणजे हलत्या भिंतीवर चित्र सरळ टांगणं आहे, आधी ढिलाई काढा मग मशीनवर चढवा.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी हा विषय घ्याल तेव्हा शॉकअप बदलाच्या ऐवजी मेकॅनिकला काय विचारायचं ते छापा. ढिला भाग मला हाताने हलवून दाखवा, आणि बोल्ट टाइट करताना चाकं जमिनीवर असतील का, हे दोन प्रश्न पुरेत. पहिल्यांदा विचारलं की जरा वाकडं बघतात. माझी गाडी सध्या पुढून शांत आहे. मागून मात्र कालपासून गुडूप गुडूप येतंय, काकांना फोन केला तर म्हणाले अ‍ॅक्सलचा बुश असेल, रविवारी घेऊन ये, आणि येताना टॉर्च आण, माझा कुणीतरी नेलाय.

आपला,
एका जुन्या सेडानचा मालक