मीटर कुणाच्या बाजूला आहे?

लालबाग,
मंगळवार, रात्र

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

डबा आधी फ्रिजमध्ये ठेव, मग हे वाच. कोलंबीचं लोणचं आहे, बाहेर टिकणार नाही. मेतकूट वेगळ्या पुडीत आहे.

खरं तर फोनवरच बोललो असतो. पण रविवारपासून तू फोन उचलतोस, "हो अण्णा, नंतर" म्हणतोस आणि ठेवतोस. आई म्हणाली, लिहून द्या, तुमचं अक्षर तरी बरं आहे. म्हणून लिहायला बसलो.

रविवारी मालकीणबाईंसमोर मी जे बोललो, ते तिथे बोलायला नको होतं. बाईंनी हातात चहा दिला आणि मी विचारलं काय, तर "तुमचं मीटर कुठाय?" तुझा चेहरा पडलेला मी पाहिला. पण ३३ वर्षं लोकांच्या जिन्यांखाली बॅटरी मारून विजेच्या मीटरचे आकडे लिहिले रे. नव्या घरात पाऊल टाकलं की माझे डोळे आधी मीटर शोधतात, देव्हारा नंतर. तू म्हणालास, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात." झालो. त्यात खोटं काही नाही.

गॅसचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय.

खोली चांगली आहे. उजेड आहे, भांडुपला असून पाण्याची ओरड नाही, आणि तुला ऐरोलीची बस पकडायला सोपं. डिपॉझिट तू स्वतःच्या पगारातून भरलंस हे मी चाळीत सगळ्यांना सांगून झालंय, इस्त्रीवाल्यालासुद्धा. तुझ्या वयाचा असताना मी याच दहा बाय बारात नऊ माणसांबरोबर झोपत होतो आणि पाय लांब करायचे तर दार उघडावं लागायचं. पागडीची खोली, भाडं अजून दीडशेच्या आत. तेव्हा भाड्याने राहणं म्हणजे काय, हे मी तुला सांगावं असं मला फारसं ठाऊकही नाही. आपल्या मालकाचं तोंड मी कितीतरी वर्षांत पाहिलेलं नाही. तुझी मालकीण तर भिंतीपलीकडेच.

आणि भिंतीचंच तर आहे ना.

बरं, आधी पैशाचं बोलतो आणि संपवतो. महिन्याला ९०० रुपये बाईंना गॅसचे, जाळा नाहीतर न जाळा. आपल्याकडे तू असताना १४.२ किलोचं सिलिंडर चौघांना महिना-सव्वा महिना जायचं. एका सिलिंडरमध्ये जेवढी आच, तेवढी तुझ्याकडच्या पाइपच्या गॅसच्या साधारण १७-१८ युनिटांत. म्हणजे माणशी महिन्याला चार युनिटं, त्यात आजीच्या आंघोळीचं पाणीही आलं. पाइपच्या गॅसचा दर युनिटला पन्नाशीच्या आतबाहेर. तुझा एकट्याचा चहा, खिचडी आणि अंडी धर आणि कर हिशोब. सव्वादोनशे, फार तर अडीचशे. बाकीचे साडेसहाशे कशाचे?

तू म्हणशील, बाई एकट्या आहेत, नवरा नाही, पेन्शन नाही, कोथिंबीर-मिरची मागितली की देतात. मला काय ते दिसत नाही? त्यांनी साडेसहाशे जास्त घेतले म्हणून मी त्यांना चोर म्हणत नाही. त्यांनी ते भाड्यात धरले असते तर मी तोंडही उघडलं नसतं. गॅसच्या नावाने घेतात, म्हणून विचारतो. अग्रीमेंट ११ महिन्यांचं केलंस, पण ते नोंदवलंय ना? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची, तुझी नव्हे. नोंदणी नसेल आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मग त्या कागदात हे ९०० आहेत का? असतील तर गॅसचे म्हणून लिहिलेत की नुसते "इतर"? तू वाचलंस का सही करण्याआधी? की एजंटने बोट ठेवलं तिथे सही केलीस?

सुरू झालं बघ माझं. आई आतून म्हणतेय, पोराला पत्र लिहिताय की नोटीस. माफ कर. पैसे तुझे, खोली तुझी.

लहानपणी तुला गॅस कंपनी लेनमधून शाळेत सोडायचो, आठवतं? तू रोज विचारायचास, गॅस कुठाय? मी सांगायचो, पूर्वी इथे कोळशापासून गॅस करायचे, १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, संध्याकाळी माणूस शिडी घेऊन एकेक दिवा पेटवत जायचा. तू एकदा थांबलास आणि म्हणालास, "मग त्या दिव्यांचं मीटर कोण बघायचं?" दुसरीत होतास. मी ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. साहेबसुद्धा हसले होते, आणि ते तर कधी हसायचे नाहीत. त्या दिवशी तुला उशीर झाला आणि बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं, हे तू मला कितीतरी वर्षांनी सांगितलंस.

असो. तर मीटर.

आमच्या खात्यात दार बंद असलं की सरासरीचं बिल लावायचे. सरासरीचं बिल म्हणजे कुणी आकडा बघितलाच नाही, असं बिल. मी एका जिन्यात तीन वेळा जाऊन आलोय, पण सरासरी टाकायला माझा हात व्हायचा नाही, कारण आकडा अचानक वर गेला की तिथे काहीतरी झालेलं असतं. कुठेतरी वायर उघडी पडलेली असते, कुणीतरी लाइन घेतलेली असते. हे मीटरवरच कळतं. तुझं ९०० ठरलेलं. गॅस चार युनिटं जळो नाहीतर चाळीस, तुला कळायचं कारणच नाही. बाईंचं बिल दोन महिन्यांनी येतं. वाढलं तरी त्या म्हणणार, नव्या पोराने जास्त स्वयंपाक केला. आणि तू तर स्वयंपाक करतच नाहीस, हे मला ओट्याकडे बघूनच कळलं. तेलाचा एक थेंब नव्हता कुठे. वडापाववर किती दिवस काढणार?

रविवारी मी शेगडीच्या मागे वाकलो होतो ते तू पाहिलंस आणि चिडलास. मी काय पाहिलं ते तुला सांगूच दिलं नाहीस. तुझ्या शेगडीची रबरी नळी भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली आहे. भोकाला सिमेंट फासलंय, त्यामुळे नळी मधे कशी आहे ते दिसतच नाही. म्हणजे मीटर एक, ते बाईंच्या बाजूला, आणि तिथून पाइपला टी, म्हणजे फाटा जोडायचा तुकडा, मारून तुझी शेगडी. म्हणूनच फिक्स पैसे. दोन चुली आणि एक मीटर, तर हिशोब करणार कसा? रबरी नळी भिंतीतून न्यायची नसते, दीड मीटरपेक्षा लांब नको, सगळी डोळ्यांसमोर हवी आणि पाच वर्षांनी बदलायची. नळीवर वर्ष छापलेलं असतं. तुझ्या नळीवरचं वर्ष सिमेंटच्या आत आहे.

एवढंच सांगायचं होतं. ९०० वरून मी सुरू केलं ती चूक झाली. पैशाचं बोलायला जमतं, म्हणून ते आधी बोललो.

कळव्याला त्या अनंत चतुर्दशीला काय झालं ते तू विसरला नसशील. मावशी अजून डोक्यावरून पदर का काढत नाही, ते तुला ठाऊक आहे. तिथे सिलिंडर होता. तो गॅस जड, जमिनीशी साचतो. तुझ्याकडचा हलका, वर छताला जातो, म्हणून वरची झडप उघडी ठेव. तू त्या झडपेत पुठ्ठा कोंबलायस, डास येतात म्हणून. तो काढ. आजच काढ.

रात्री झोपताना शेगडीचा नुसता खटका बंद करू नकोस, मागचा कॉक आडवा कर. साबणाचं पाणी करून नळीच्या तोंडाशी लाव, बुडबुडा आला की बाईंना सांग. त्या जेवून झोपल्या की दोन्ही शेगड्या बंद असतात, तेव्हा त्यांना मीटरचे लाल आकडे बघून ठेवायला सांग. सकाळी चहाच्या आधी पुन्हा बघायचे. हलले नसतील तर मी या विषयावर परत बोलणार नाही. हलले तर गॅसवाल्यांना बोलवा. मीटर बाईंच्या नावावर आहे, तक्रार त्यांनीच करायला हवी, आणि त्या घाबरतील, कारण टी परवानगी न घेता मारलाय. त्यांच्यावर ओरडू नकोस. मी येऊन बोललो तर चालेल का? नीट बोलेन. चहा संपल्यावर बोलेन.

नाहीतर इंडक्शन घे. निम्मे पैसे मी देतो. सगळे दिले तर तू घेणार नाहीस.

शनिवारी आजीचं श्राद्ध आहे. शिफ्ट असेल तर राहू दे, पण नसेल तर ये. वडे आहेत.

तुझा,
अण्णा

ता. क. पिशवीच्या तळाशी माझी बॅटरी ठेवली आहे, सेल नवे घातलेत. शेगडीच्या मागे बघायला उपयोगी पडेल. पण वास येत असेल तर तिचं बटण दाबू नकोस, दिव्याचं पण नको. आधी खिडकी उघड.